यतीमाला मायेसोबत कागदही द्या

रमजान महिन्यात यतीम मुलांची आठवण हमखास निघते. अनाथालयात इफ्तार होते, ईदचे कपडे वाटले जातात. पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई. आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. अनाथाचा सांभाळ, म्हणजेच ‘कफाला’, इस्लाममध्ये मोठ्या सवाबचे काम मानला जातो.

मात्र कफाला म्हणजे दत्तक नव्हे. सांभाळलेल्या मुलाला जन्मदात्याच्याच नावाने ओळखावे, असे कुराणातील सूरह अहजाब सांगते. मुलाची मूळ ओळख पुसू नये, हा त्यामागचा विचार. पण शरियतच्या वारसा नियमांत या मुलाला वाटा नाही आणि अडचण इथेच आहे.

बहिणीचे किंवा भावाचे मूल आणून वाढवल्याची उदाहरणे मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. हिंदू घरांतही ही रीत जुनीच. बहुतेकदा लेखी काहीच नसते. वाढवणारा गेला, की वाटणीच्या वेळी हेच मूल परके ठरते.

कायद्याची वाट मात्र सर्वांना खुली आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. इतरांना १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळे. बालन्याय कायद्याने ही भिंत काढली. कोणत्याही धर्माची व्यक्ती त्याखाली दत्तक घेऊ शकते, सक्ती मात्र कुणावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले. २०१५ च्या कायद्याने मामा, काका, मावशी, आत्या, आजी-आजोबा यांनाही नात्यातले मूल रीतसर दत्तक घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

संस्थेतील मुलासाठी ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घराच्या पाहणी अहवालासाठी ६ हजार आणि संस्थेच्या बालसंगोपन निधीसाठी ५० हजार रुपये द्यावे लागतात. साध्या लग्नाच्या जेवणावळीला याहून अधिक लागतात! जड जाते ती प्रतीक्षा. लहान बाळासाठी ती तीन वर्षांपुढे जाते. या घाईचा फायदा दलाल घेतात. दवाखान्यातून परस्पर मूल मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर ते दत्तक नव्हे, गुन्हा आहे.

दत्तक ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांच्यासाठी शरियतमध्येच दोन वाटा आहेत. हयातीत ताबा देऊन हिबा करता येतो. एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत वसीयतही करता येते. मूल वारस नसल्यामुळेच ती त्याच्या नावे होऊ शकते.

जकातीचा हिशेब मांडताना घरात वाढणाऱ्या अशा मुलाच्या नावावर काय आहे, हेही पाहावे. मौलवींना विचारावे, वकिलाला विचारावे. पण ईदच्या आधी विचारावे.