सरकारी वकिलाचा मेहनताना

२० ऑगस्ट २०२४ हा दिवस कल्याणपलीकडील रेल्वेप्रवासी सहसा विसरणार नाहीत. बदलापुरातील एका शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचारामुळे संतप्त झालेले नागरिक त्या दिवशी रुळांवर उतरले आणि त्यांनी कित्येक तास गाड्या रोखून धरल्या. शासनाने तातडीने या खटल्यासाठी श्री. उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक जाहीर केली. लोकक्षोभ शमविण्यासाठी तो उपाय योग्यच होता. परंतु त्या घोषणेत शासनाने नकळत एक कबुलीही दिली. खटला खरोखरच महत्त्वाचा असेल, तर तो नेहमीच्या सरकारी वकिलांवर सोपवून भागत नाही, हीच ती कबुली होय.

मग ज्या खटल्यांसाठी कोणीही रुळांवर उतरत नाही, त्यांचे काय? शहाडच्या एखाद्या कामगार स्त्रीचे मंगळसूत्र हिसकावले गेले, अंबरनाथच्या चाळीत एखाद्या विवाहितेचा छळ झाला, तर त्यांच्यासाठी विशेष वकील कोण नेमणार? फौजदारी खटला चालवावयाचा असतो तो राज्याने. फिर्यादीला आपल्या पसंतीचा वकील निवडण्याची मुभा त्यात नाही. राज्य ज्याला उभे करील, त्याच्याच हाती तिचा न्याय असतो.

हा वकील अनुभवी असणे ही चैन नव्हे. पंच फिरला, साक्षीदार फितूर झाला, वैद्यकीय अहवालातील एखादे वाक्य आरोपीच्या वकिलाने पकडले, तर त्या क्षणी काय विचारावे हे पुस्तकात सापडत नाही. ते वर्षानुवर्षे खटले चालवूनच कळते. वकील मध्येच बदलला की नवा माणूस पहिल्या पानापासून कागद वाचतो, तारीख मागतो आणि दिवसपाळी बुडवून शहाडहून कल्याणच्या न्यायालयात आलेला साक्षीदार साक्ष न देताच घरी परततो. अशा तीन तारखा झाल्या, की चौथ्या वेळी तो येईलच असा भरवसा कोणी द्यावा? त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. झडतीचे चित्रीकरण आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट यांमुळे पुराव्याचे स्वरूपच पालटत आहे. हा पुरावा न्यायालयात सिद्ध करण्याचे काम नवशिक्याचे खासच नव्हे.

असे असता राज्य या माणसाला देते काय? न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातील सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो. सत्र न्यायालयातील सरकारी वकिलाची नेमणूक मात्र ठराविक मुदतीची असते. मुदत संपली, की त्याने जमविलेला अनुभवही त्याच्याबरोबर निघून जातो. एकाच न्यायालयात आसनावर बसणाऱ्या न्यायाधीशांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी १९९६ साली न्या. शेट्टी यांचा आणि २०१७ साली न्या. रेड्डी यांचा असे दोन स्वतंत्र वेतन आयोग नेमले गेले. ते उचितच झाले. परंतु त्याच न्यायालयात राज्याच्या वतीने उभे राहणाऱ्या वकिलासाठी तसा राष्ट्रीय वेतन आयोग नाही.

सरकारी वकील पोलिसांच्या वर्चस्वाखाली असू नये, हे तत्त्व विधी आयोगाने १९५८ सालीच मांडले होते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात अभियोक्त्यांसाठी पोलिसांपासून वेगळे खाते निर्माण करण्याचा आदेश दिला. खाते वेगळे झाले. पण ज्याची उपजीविका अनिश्चित, त्याचे स्वातंत्र्य कितपत टिकणार?

तिजोरीवर भार पडेल, नामांकित वकिलांच्या शुल्काशी शासन स्पर्धा करू शकत नाही, असे म्हटले जाईल. तशी स्पर्धा करा, असे आमचे म्हणणे नाही. जबाबदारीस साजेसे वेतन, सत्र न्यायालयापर्यंत चढत जाणारी बढतीची वाट, वेळेवर मिळणारे शुल्क आणि निवृत्तिवेतनाची हमी एवढे दिले तरी पुष्कळ गुणी माणसे या सेवेत आयुष्य काढतील. निर्दोष सुटलेला गुन्हेगार आणि वर्षानुवर्षे खोळंबलेला खटला यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नसतोच असे नव्हे.

बदलापूरच्या प्रकरणातील मुख्य आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. त्याच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात झालाच नाही, तरीही त्या बातमीने अनेकांना आनंद झाला. कायद्याने चालणाऱ्या समाजाने या आनंदाचे भय बाळगले पाहिजे. न्यायालयातून न्याय मिळेल असा विश्वास उरला नाही, की लोक बंदुकीवर विश्वास ठेवू लागतात. तो विश्वास परत आणावयाचा, तर एका गाजलेल्या खटल्यासाठी एक नामवंत वकील नेमून चालणार नाही. उल्हासनगरच्या न्यायालयात रोज सकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन उभ्या राहणाऱ्या, नाव कोणाला ठाऊक नसलेल्या वकिलाची कदर शासनाने केली पाहिजे. त्याचा मेहनताना ही वकिलांची मागणी नसून नागरिकांचा हक्क आहे.