सभागृहात कोणी ‘नाही’ म्हणेल का?

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला गेला आणि राज्यातल्या २९ महापालिकांना पुन्हा लोकांनी निवडलेली सभागृहे मिळाली. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे निकाल त्याआधी, २१ डिसेंबरलाच लागले होते. आता सत्कारांचे हार उतरतील, पाट्यांवर नवी नावे चढतील आणि ‘कारभार सुधारणार’ ही घोषणा गावोगावी ऐकू येईल. घोषणेचे स्वागतच आहे. मात्र सुधारायचे नेमके काय, हे ठरवल्याखेरीज तिला अर्थ नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावीच लागते. मुदतीपूर्वी बरखास्त झालेल्या पालिकेलाही सहा महिन्यांत नवे सभागृह मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात काय घडले? छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली येथील सभागृहांची मुदत २०२० सालीच संपली. मुंबई, पुणे, नागपूरची मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग प्रभागरचनेचे फेरबदल, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद अशी कारणांची रांग लागली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली. तोवर कारभार सरकारनियुक्त प्रशासकांच्या हाती राहिला; संभाजीनगरात प्रशासकाचा काळ एका सभागृहाच्या पूर्ण मुदतीहूनही लांबला.

या काळात कामेच झाली नाहीत असे म्हणणे अधिकाऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. रस्ते झाले, निविदा निघाल्या, कर वसूल झाले. दोष व्यवस्थेत होता. एरवी आयुक्त प्रस्ताव ठेवतो, स्थायी समिती तो तपासते, सर्वसाधारण सभा त्यावर भांडते. प्रशासकराजात प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. आयुक्तांच्या प्रशासनाने मांडलेला तो अर्थसंकल्प आयुक्तांनीच प्रशासक या नात्याने मंजूर केला. एवढ्या रकमेवर सभागृहात एकही उपसूचना आली नाही, कारण सभागृहच नव्हते. परीक्षार्थीनेच आपला पेपर तपासावा, तसा हा प्रकार. तो कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या गुणांवर कोणी विश्वास ठेवू नये.

म्हणून नगरसेवक आले की सारे सुरळीत होईल, असेही नाही. संभाजीनगरच्या पाण्याची कहाणी या भाबडेपणावर चांगला उतारा आहे. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय शहरापासून काही फार दूर नाही, तरी अनेक वसाहतींत नळाला पाणी येते ते कित्येक दिवसांच्या अंतराने. ‘समांतर’ जलवाहिनीची योजना आली ती लोकनियुक्त सभागृहाच्या काळात. २०१४ साली पाणीपुरवठ्याचा कारभार खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ साली सभागृहानेच तो करार रद्द केला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले ते प्रशासकाच्या काळात. खर्च २,७४० कोटींवर गेला, मुदती टळत राहिल्या आणि कामावर देखरेख ठेवण्याची वेळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठावर आली. नगरसेवक होते तेव्हा हंडे रिकामे होते आणि नव्हते तेव्हाही रिकामेच राहिले. फरक इतकाच की, नगरसेवक असताना महिलांना हंडामोर्चा कोणाच्या दारात न्यायचा हे ठाऊक होते.

लोकनियुक्त सभागृह चुका करणार नाही, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ते चूक लपू देणार नाही, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि ती पुरी करायला विरोध नोंदवणारा सभासद लागतो. पुणे नगरपालिकेचे उदाहरण आपल्याकडे आहे. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ३२ सभासदांपैकी एकट्या जोतिराव फुल्यांनी विरोध केला; तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त सभासद होते. ज्यांनी नेमले त्यांच्याच पाहुण्याच्या स्वागताला त्यांनी ‘नाही’ म्हटले. ठराव मंजूर झाला, तरी हरलेले ते एक मत आज आपल्याला ठाऊक आहे आणि जिंकलेली ३१ विस्मरणात गेली.

आजच्या सभागृहांत हे मत ऐकूच येऊ नये, अशी सोय मुरलेली आहे. कार्यपत्रिकेवर नसलेले कोट्यवधींचे प्रस्ताव ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून येतात, ‘मंजूर, मंजूर’च्या गलक्यात पार पडतात आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत ठेकेदार कामाला लागलेला असतो. सत्ताधारी आणि विरोधक यांची त्यावर आधीच दालनात समझोता झालेला असतो. त्यात मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे. गटार तुंबले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. ही रीत बदलली नाही तर प्रशासक जाऊन नगरसेवक येणे म्हणजे ‘ये रे माझ्या मागल्या’.

तेव्हा नव्या सभागृहांनी आरंभी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रशासकाच्या काळातील मोठे ठराव, दिलेली कंत्राटे, काढलेली कर्जे आणि थकलेली देणी यांची श्वेतपत्रिका काढावी. तीत त्याआधीच्या सभागृहांचा वारसाही असावा. अर्धी पाटी पुसून हिशेब जुळत नाही. दुसरी, नैसर्गिक आपत्तीखेरीज ऐनवेळचे विषय बंद करावेत आणि खर्चाच्या प्रत्येक मोठ्या ठरावावर कोणी कसे मत दिले ते नावानिशी इतिवृत्तात छापावे. तिसरी, क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातील मतदारांच्या सभा, भरवाव्यात. त्यांची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्या भरल्याचे फारसे कोणी पाहिलेले नाही. यांपैकी एकाही कामाला मंत्रालयातून निधी आणावा लागत नाही. अडचण पैशाची नाहीच. आपल्या मताला नाव चिकटले की ते बदलता येत नाही, ही खरी अडचण आहे.

नागरिकांचेही एक काम आहे. आपण नगरसेवकाला विचारतो ते दाखल्याचे, नळाचे, पेव्हर ब्लॉकचे. फार तर लग्नपत्रिका पोचली का, ते. यापुढे वर्षातून एकदा तरी दुसरा प्रश्न विचारावा : यंदा सभागृहात कोणत्या ठरावाला विरोध केलात, आणि का? ज्याला याचे उत्तर देता येणार नाही, त्याने पाच वर्षे सही करण्यापलीकडे काही केले नाही असे समजावे. नुसत्या सहीसाठी प्रशासक पुरेसा होता. त्याला निवडणुकीचा खर्चही लागत नव्हता.