दोन वर्षांचे माप आणि चाळीस वर्षांचे काम

शेवगाव असो वा अकोले, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना पदोन्नतीचे कोष्टक तोंडपाठ असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या पेपरला ५ गुण, तो एकापेक्षा कमी असेल तर १०, दहाच्या वर गेला तर ३०. या कोष्टकापुढे डॉ. कमल रणदिवे यांचे काम ठेवून पाहावे, असे या मासिकाला वाटते.

कमलताई १९१७ साली पुण्यात जन्मल्या. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये झाले. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि पेशीसंवर्धन शिकायला बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी याच गाय यांनी वाढवल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत या पेशी आहेत. त्यांच्याविषयी गाय यांनी १९५२ मध्ये छापले, ते मात्र परिषदेतल्या निबंधाचे एक छोटे सारांशटिपण!

परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक पेपर आहेत. आकडा मोठाच आहे, पण त्यातला एक पेपर जवळून पाहू. कुष्ठरोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही संशोधकांची जुनी अडचण. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतला ऊतक घेतला आणि मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या चेतागंडिकांच्या पेशींवर त्याचे संवर्धन केले. त्यातून एक आम्लरोधी जिवाणू वाढला. तो कुष्ठरोगाचाच जिवाणू आहे का, यावर पुढे वाद झाले. ‘आयसीआरसी बॅसिलस’ हे संस्थेचे नाव मात्र त्याला कायमचे चिकटले. हा पेपर १९५८ मध्ये एका भारतीय नियतकालिकात छापून आला.

पुढच्या तारखा पाहा. याच जिवाणूपासून मुंबईतच डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लस तयार केली. दक्षिण भारतात एक लाख एकाहत्तर हजार लोकांवर चार लशींची तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा आयसीआरसी लशीची परिणामकारकता ६५.५ टक्के भरली. नुसत्या बीसीजीची ३४.१ होती. पेपर ते निष्कर्ष, चाळीस वर्षे! इम्पॅक्ट फॅक्टर मात्र नियतकालिकाच्या मागच्या दोनच वर्षांतल्या पेपरांना मिळालेले संदर्भ मोजतो. शिवाय तो नियतकालिकाचा असतो. त्यातल्या एखाद्या पेपराचा नव्हे, लेखकाचा तर नव्हेच.

ही तक्रार पेशीवैज्ञानिकांनीच उघडपणे मांडली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्कोतील अधिवेशनात ‘डोरा’ जाहीरनामा आकाराला आला. नेमणूक, पदोन्नती, निधी यांसाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, संशोधन वाचून पारखा, असे तो सांगतो.

आपल्याकडे मोजणीने काय केले, हेही स्पष्ट आहे. गुणांसाठी पेपर हवेत म्हणून पैसे घेऊन छापणारी नियतकालिके बोकाळली. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचे परीक्षण केले. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी तपासलेली ८८ टक्के नियतकालिके निकृष्ट निघाली. त्यांत आपली नावे छापून आणणाऱ्या तरुण प्राध्यापकांना दोष देणे सोपे आहे. पण कोष्टक त्यांनी बनवलेले नाही.

निवृत्तीनंतर कमलताईंनी आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. अशा कामाला संदर्भ थोडेच मिळतात. त्यातल्या नोंदी त्या गावांच्या उपयोगाच्या असतात.

म्हणून निवड समित्यांवर बसणाऱ्या वाचकांना विनंती: उमेदवाराकडून त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन पेपर मागवा, मुलाखतीआधी ते वाचा आणि प्रश्न त्यांवरच विचारा.