पाच-दहा सेंटच्या दुकानातील मुली

स्वस्त दुकानात शिरलेले गिऱ्हाईक किंमत पाहते. ती कोणाच्या मजुरीतून कापली, हे पाहण्याची सवय आपल्याला नाही. म्हणून अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या वूलवर्थची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

१८७९ साली सुरू झालेल्या या कंपनीत कित्येक वर्षे कुठलीही वस्तू पाच किंवा दहा सेंटांतच मिळे. स्वस्त माल विकायचा तर नोकरही स्वस्तच हवेत, असे संस्थापक फ्रँक वूलवर्थ यांनी आपल्या व्यवस्थापकांना लिहून कळवले होते. १९३७ मध्ये डेट्रॉइटमध्ये कंपनीची ४० दुकाने होती. काउंटरवर बहुतेक तरुण मुली. मजुरी तासाला सुमारे २८ सेंट.

त्या वर्षी ११ फेब्रुवारीला जवळच्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी ठिय्या संप जिंकला. २७ फेब्रुवारीच्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवरील वूलवर्थमध्ये शिट्टी वाजली. शंभरावर मुलींनी विक्री थांबवली, गिऱ्हाइकांना बाहेर काढले आणि चार मजली दुकानातच मुक्काम ठोकला. गाद्या आल्या, जेवण आले, कामे वाटून घेतली गेली. वृत्तपत्रांनी केस विंचरणाऱ्या, नाचणाऱ्या मुलींची छायाचित्रे हौसेने छापली. (गिरणी कामगारांच्या संपाचे असे कौतुक झाल्याचे आम्हाला आठवत नाही!)

मुली मात्र गमतीला बसल्या नव्हत्या. शहरातले दुसरे दुकानही बंद पडले आणि सगळी चाळीस बंद करू, असा इशारा युनियनने दिला. तेव्हा कुठे सातव्या दिवशी, ५ मार्चला, कंपनी नमली. तासाला दहा सेंट वाढ मागितली होती, पाच मिळाली. त्याशिवाय ४८ तासांवरील कामाला दीडपट मजुरी, गणवेशाची फुकट धुलाई, भरती युनियनमार्फत आणि संपकाळाचा अर्धा पगार. आमच्या मते या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे करार चाळीसही दुकानांना लागू झाला. एकाच दुकानाचा करार मालक सहज पचवतो. ते दुकान बंद करून पलीकडचे चालू ठेवतो.

वूलवर्थने १९९७ मध्ये अमेरिकेतील ही दुकाने गुंडाळली. डेट्रॉइटच्याच क्रेस्गेतून निघालेल्या के-मार्टवर २००२ मध्ये दिवाळखोरीची पाळी आली. कंपन्या गेल्या, स्वस्त नोकरांचा हिशेब राहिला. आपल्याकडे विक्रेत्या स्त्रियांना कामावर नुसते बसण्याचा हक्क कायद्याने मिळायला केरळात २०१८ आणि तामिळनाडूत २०२१ साल उजाडावे लागले. तोही केरळात या स्त्रियांनी लढूनच मिळवला.

तेव्हा साखळी दुकानांतील सभासद नोंदणी आपल्या शाखांनी दुकानवार न करता शहरवार करावी, आणि मागणीपत्र साखळीच्या मुख्य कार्यालयाला द्यावे. दुकानाच्या मॅनेजरशी वाटाघाटीत वेळ घालवू नये. पगार ठरवणे त्याच्या हाती नसतेच.