मँचेस्टरवर प्रेम का करावं?

अहमदाबाद म्हणजे भारताचं मँचेस्टर, इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं. लहानपणापासून ऐकत आलोय. मूळ मँचेस्टर मात्र आपल्यासाठी फुटबॉलपुरतं उरलंय. शिवाय एक जुना राग आहे. तिथल्या गिरण्यांच्या स्वस्त कापडाने आपल्या विणकरांचे माग बंद पाडले. राग रास्तच आहे. पण शहर म्हणजे फक्त गिरणीमालक नव्हे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस येईना. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांच्या घरी उपासमार सुरू झाली. (त्याच काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे व्यापारी गब्बर झाले!) नाकेबंदी मोडा, असं म्हणणारेही तिथे होतेच. तरीही 31 डिसेंबर 1862 ला फ्री ट्रेड हॉलमधल्या सभेने लिंकनला पत्र पाठवलं. गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्यासोबत आहोत, असा त्याचा आशय. लिंकनने आभाराचं उत्तर दिलं. आज शहरात लिंकनचा पुतळा आहे. पोट रिकामं असताना परक्या गुलामांसाठी उभं राहणं ही साधी गोष्ट नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. 16 ऑगस्ट 1819 ला सेंट पीटर्स फील्डवर सुमारे 60,000 माणसं मताचा हक्क मागायला जमली. एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता! त्या निःशस्त्र गर्दीवर घोडेस्वार तलवारी घेऊन घुसले. हेच पीटरलू. पुढे तिथे निळा फलक लागला, त्यावर फक्त सैन्याने सभा 'पांगवल्याचा' उल्लेख. मेलेल्यांचा शब्द नाही. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. 2007 मध्ये नवा लाल फलक आला: 15 मृत्यू, 600हून अधिक जखमी. 2019 मध्ये, 200 वर्षं पूर्ण होताना, स्मारकही झालं.

एक शब्द बदलायला एवढी वर्षं लागली, पण बदलला. माझ्यासाठी प्रेम करायला एवढं पुरेसं आहे.

आता आपल्याकडे बघा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, लाखो संसार त्यात होरपळले. आज त्याच जागांवर मॉल आणि टॉवर आहेत. तिथे खरेदीला जाताना त्या कामगारांबद्दलचा एखादा फलक तुम्ही वाचलाय का? वाचला असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. नसेल, तर मागायला सुरुवात करूया.