चवीचा धडा शिवारात आहे

पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला ओलांडला की वरवंड येतं. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, आणि हंगामात या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांचा दरवळ. लहान मुलांना चव शिकवायला आणखी काय हवं? तरी पुष्कळ ठिकाणी हा धडा तक्त्यावरच उरकतो: जिभेचं चित्र, टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू.

तो तक्ता चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागाभागांत अगदी किंचित फरक आढळला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखामुळे तो फार मोठा भासू लागला. खरं तर रुचिकलिका जिथे जिथे आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात. तक्ता उतरवावा आणि मुलांना शिवारात न्यावं.

एकच ऊस घ्या. बुडख्याकडचं कांडं गोड, शेंड्याकडचं आळणी. कारण ऊस खालून वर पिकत जातो. गुऱ्हाळावर ताजा रस, मग काकवी, मग गूळ चाखू द्या. नाक दाबून आधी साखर, मग गूळ खायला सांगा. दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात. नाक सोडलं की गूळ ओळखू येतो. चवीत वासाचा वाटा किती मोठा, हे मूल स्वतः शोधून काढतं. मग चिंच, मीठ, मेथीचं पान, आवळ्याची फोड. मिरचीबद्दल मात्र खरं सांगावं: आपण तिला सहा रसांत धरतो, पण तिखटपणा ही जिभेची चव नाही, आग आहे. म्हणूनच मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी झोंबतो.

अशा शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं.

एक पथ्य पाळायला हवं: सक्ती नको. गोडाची ओढ जन्मजात असते आणि कडू थुंकून टाकणं हे निसर्गाने दिलेलं संरक्षण आहे, कारण कित्येक विषारी वनस्पती कडू असतात. कारल्याची भाजी पहिल्या घासाला आवडणार नाही. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, मोठ्यांच्या सोबतीने ताटात आली, तर बऱ्याच मुलांना रुचू लागते. पाडव्याला कडुलिंबाचं पान गुळासोबत देणारी आपली रीत हेच करते.

खारट-गोड पुड्या आता गावोगावच्या दुकानांत लटकतात. लहानपणी जीभ तेवढ्याच दोन चवींना सरावली, तर भाकरी, पालेभाजी, ताक फिकंच वाटणार. म्हणून अंगणवाडीत आठवड्यातून एक तास चवीचा असावा, आणि घरी रोज ताटात एक नवा घास. मुलाने तो थुंकला तर थुंकू द्या, रागावू नका. चार दिवसांनी पुन्हा वाढा.