अल्पवयीनाची जमीन आणि अल्पवयीनाचे शरीर

मारुंजीत आज गुंठ्याला सोन्याचा भाव आहे. शेजारी हिंजवडीला संगणक-उद्योगाचे नगर उभे राहिले आणि मुळशी तालुक्यातील या गावाच्या शेतांचे भूखंड झाले. अशा गावात आठ वर्षांच्या मुलाच्या स्वतःच्या नावावर एखादा गुंठा असला, तर तो त्याच्या जन्मदात्यालाही परस्पर विकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या आठव्या कलमानुसार आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. गरज खरी आहे वा मुलाचे हित उघड आहे, हे पटवून द्यावे लागते. अडचणीत सापडलेल्या बापाचाही हात चुकू शकतो, हे कायदा जाणतो.

त्याच मुलाचे शरीर बांधून घेण्यास मात्र बापाची संमती पुरते. सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या ८ ते १४ वर्षे वयाची मुले निवडतात. पुण्यात २००१ साली स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही अशी मुले घडविली जातात. निवास, आहार, शाळा, प्रशिक्षण सारे विनामूल्य. बदल्यात साडेसतराव्या वर्षी, दहावी उत्तीर्ण होताच, सैन्यात भरती होणे बंधनकारक! १८७५ च्या कायद्याने सज्ञान होण्याचे वय अठरा. म्हणजे स्वतः ‘होय’ म्हणण्याचा अधिकार मिळण्यापूर्वीच मुलाचा ‘होय’ गृहीत धरला जातो. अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच शून्यवत, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला. तेव्हा असे बंधन टिकते ते कायद्याच्या बळावर की घरच्या दारिद्र्याच्या?

कोणी म्हणेल, याच वाटेने मिझोरामचा जेरेमी लालरिनुंगा २०१८ साली पंधराव्या वर्षी युवा ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकला. जिंकला खरा, आणि त्याचे कौतुकच आहे. परंतु पदकवीर मोजून व्यवस्थेचा न्याय ठरत नाही. गुडघा निकामी झालेल्या, वाढीच्या वयात वजनगट हुकलेल्या, किंवा तेराव्या वर्षी खेळावरून मनच उडालेल्या मुलाचे काय? खेळात मागे पडलेल्यास संस्था निरोप देऊ शकते; मुलाला मात्र तितक्या सहजपणे संस्थेचा निरोप घेता येत नाही. आणि फुकट जेवणापायी बाप होकार देत असेल, तर त्याला पालकाचे स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा होय. शिक्षण आणि पोषण हा त्या मुलाचा हक्क आहे, आगाऊ उचल नव्हे!

अमेरिकेसारख्या बाजारपूजक देशालाही ही घाई अखेर खुपली. तेथे लॅक्रोस या खेळात विद्यापीठे आठवी-नववीतल्या मुलांकडून तोंडी शब्द घेऊन ठेवीत. २०१७ साली तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकांनी मुलांशी अशी बोलणीच करू नयेत, असा नियम केला.

येथे मागणी याहून मोठी नाही. प्रवेश अवश्य द्यावा. भरतीची अट काढावी. अठरा पूर्ण झाल्यावर त्या तरुणालाच विचारावे, आणि मधेच परतलेल्या मुलाच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा भार शासनाने उचलावा. तोवर निदान एवढे तरी व्हावे, की मुलाच्या गुंठ्यासाठी उघडणारे न्यायालयाचे दार त्या मुलासाठीही उघडावे.